खुर्ची दोनदा ओढली तर

४ तारीख, मंगळवार

आजपासून दोन आठवडे मी मुकी. डॉक्टरांनी बजावून सांगितलंय: बोलायचं नाही, गुणगुणायचं नाही, खाकरायचं नाही आणि कुजबुजायचं तर मुळीच नाही. कुजबुजण्यानं म्हणे घशाला बोलण्याहून जास्त ताण पडतो. म्हणजे जन्मभर हळू आवाजात चहाड्या करणाऱ्यांचंच नुकसान जास्त. ऐकून बरं वाटलं. मी जे काही बोलले ते तोंडावर आणि मोठ्यानं बोलले. बसस्थानकावर सव्वीस वर्षं गाड्या पुकारणाऱ्या बाईला हळू बोलता येतच नाही.

सकाळी भूल देऊन घशातून तुकडा काढला. डाव्या बाजूच्या स्वरतंतूवर 'काहीतरी' आहे, तांदळाच्या दाण्याएवढं. तीन महिने आवाज बसलेला होता तो त्यामुळे. तुकडा तपासायला गेलाय, उत्तर यायला आठ-दहा दिवस. ते काय असू शकतं तेही डॉक्टरांनी सांगितलं. मी ऐकलं. इथे लिहिणार नाही. वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो हे मला कळतं, तरी आजच्या दिवस वाघोबाच म्हणते.

भरती होताना कागद भरायला दिला. वय बावन्न. 'सोबत कोण' ह्या रकान्यात मी 'कोणी नाही' असं लिहिलं, चांगल्या वळणदार अक्षरात. सिस्टर म्हणाली, "अहो, असं कसं? घरी घेऊन कोण जाणार तुम्हाला?"

मी म्हटलं, "टॅक्सी."

तिनं कपाळाला हात लावला. मग मला आत नेलं. म्हणजे माझ्या तोंडचा शेवटचा शब्द 'टॅक्सी'. जरा बरा निवडायला हवा होता.

ही वही येताना घेतली. मागची पानं लोकांना लिहून दाखवायला, पुढची माझ्यासाठी. घरी येऊन पडले तर वर खुर्ची सुरू. खर्र, थांब. खर्र, थांब. वरच्या मजल्यावर एक म्हातारे गृहस्थ राहतात, दुकानांच्या पाट्या रंगवायचे पूर्वी. सहा वर्षं झाली त्यांना येऊन आणि सहा वर्षं ही खुर्ची फरफटतेय. मी खालून झाडूच्या दांड्यानं छत ठोकते आणि ओरडते, "उचला की!" एकदा जिन्यात गाठून विचारलंही होतं, हातापायांत बेड्या आहेत का म्हणून. ते नुसते हसले. हसून वेळ मारून नेणारी माणसं मला आवडत नाहीत.

आज दांडा उचलला आणि परत ठेवला. ओरडल्याशिवाय नुसतं ठोकण्यात मजा नाही.

५ तारीख, बुधवार

पावाच्या दुकानात वही दाखवली: 'घसा दुखतो, बोलायचं नाही. एक पाव, अर्धा लिटर दूध.' दुकानदार वाचून माझ्या कानाशी वाकला आणि गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "मोठा की छोटा?" मी लिहिलं, 'ऐकू येतं.' तो आणखी मोठ्यानं ओरडला, "बरं बरं!"

तिथे रांगेत दोन बायका होत्या. माझ्यासमोर माझ्याबद्दलच बोलल्या. "बिचारी." मी! सव्वीस वर्षांत मला कुणी बिचारी म्हटलं नव्हतं. कंडक्टर मला लवंगी म्हणतात, तेसुद्धा पाठीमागे.

दिवसभर मनातल्या मनात बोलत राहिले. आरशात घसा बघितला. बाहेरून काही दिसत नाही.

७ तारीख, शुक्रवार

रजेचा अर्ज द्यायला बसस्थानकावर गेले. फाटकातून आत शिरते तर मीच बोलत होते.

अकरा वर्षांपूर्वी धाकटीच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या, लग्नासाठी आठवडाभर रजा घेतली होती. तेव्हा साहेबांनी माझ्याकडून सगळ्या गाड्या कॅसेटवर पुकारून घेतल्या होत्या. ती कॅसेट लावून ठेवलीय. किती ठणठणीत आवाज. मी बाकावर बसून ऐकत राहिले. असं वाटलं की आत काचेमागे ती दुसरी बसली आहे आणि मी इथे बाहेर एक कोणतीही बाई, पिशवी मांडीवर घेतलेली. लोक येत होते, जात होते. मी नाही हे एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. कसं येणार? मी होतेच की.

मग तिनं पुकारलं, "गाडी क्रमांक चौदा, फलाट तीनवर लागत आहे." चौदा नंबर बंद होऊन चार वर्षं झाली. एक वयस्कर बाई दोन जड पिशव्या उचलून लगबगीनं तीनवर जाऊन उभी राहिली. मी मागे धावले. वहीत लिहिलं, 'ही गाडी आता नसते. अठरा घ्या.' तिनं वाचलं, माझ्याकडे नखशिखान्त पाहिलं आणि कर्ण्याकडे बोट दाखवून म्हणाली, "अहो, आत्ताच तर त्या बाई म्हणाल्या ना!"

त्या बाई म्हणाल्या! आता ह्यावर काय लिहिणार? मी तिच्या शेजारी उभी राहिले. पंचवीस मिनिटं. शेवटी साफसफाईवाला आला, त्यानं तेच सांगितलं आणि त्याचं तिनं ऐकलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

साहेबांनी अर्ज घेतला. म्हणाले, "लोकांना पत्ताच नाही तुम्ही नाही ते. चाललंय झकास." मग पेन खालीवर करत विचारलं, "साधा घसाच आहे ना, बाई?" मी मान हलवली. "नाही, कारण आवाज गेले तीन महिने... मी म्हणणार होतो तुम्हाला. तुमचा पेला तसाच ठेवलाय खणात. कुणाला वापरू देत नाही मी." पेल्याचं मला काय? पाळ्या कशा लावायच्या ह्याची काळजी पडली असणार त्यांना. चौदा नंबरचं लिहून टेबलावर ठेवलं आणि निघाले. फाटकापर्यंत माझाच आवाज पोचवायला आला.

९ तारीख, रविवार

रविवारी अकरा वाजता धाकटीचा फोन येतो. ती चारशे किलोमीटरवर. दर रविवारी मी तिला काहीतरी सुनावते, ती "हो ताई, बरं ताई" करते.

आज अकराला वाजला. स्टुलावर शेजारीच बसले होते, उचलला नाही. उचलून करणार काय? सत्तावीस वेळा वाजला. पुन्हा साडेअकराला एकोणीस वेळा. तिला वाटलं असेल, ताई रुसली. मागच्या रविवारी मी तिला म्हटलं होतं, "तुला काय, फोन ठेवला की तू तुझ्या संसारात. रोज संध्याकाळी दार उघडून रिकाम्या घरात शिरून बघ म्हणजे कळेल." उचलली जीभ, लावली टाळ्याला. तिनं काय वाईट केलं होतं? मुलीच्या परीक्षेबद्दल सांगत होती.

पत्र लिहायला घेतलं. 'घशातून तुकडा काढलाय' इथपर्यंत आले. पुढे काय लिहू? उत्तर आलेलं नाही. नसलेल्या उत्तराचं पत्र लिहून कशाला तिचा जीव टांगणीला लावायचा? घडी करून वहीत ठेवलं.

संध्याकाळी खूप एकटं वाटलं. लिहूनच टाकते, कोण वाचतंय. भीती रात्री वाटेल असं वाटलं होतं, पण झोप लागते. ती पाच-सहाच्या सुमाराला येते, ऊन भिंतीवरून खाली उतरायला लागतं तेव्हा.

१० तारीख, सोमवार

आज जे झालं त्याला हसू की रडू कळत नाही.

दहा वाजता फोन वाजला. वेळ धाकटीची नाही. उचलला. बाईचा आवाज: "हॅलो, हॉस्पिटलच्या तपासणी विभागातून बोलतेय. तुमच्या नमुन्याबद्दल बोलायचं होतं. हॅलो?" मी पेन्सिलनं रिसीव्हरवर टकटक केलं. "हॅलो? आवाज येत नाहीये. बोला ना." टकटक, टकटक. "लाइन खराब दिसते," असं ती कुणाला तरी म्हणाली आणि ठेवला.

लगेच पुन्हा वाजला. आता एक पुरुष. "हॅलो! कोण आहे? अहो, उचलता कशाला मग?" मग कुणाला तरी म्हणाला, "कोणीतरी चेष्टा करतंय." ठेवला.

तोंड उघडलं होतं मी. 'हो, मीच' एवढे दोन शब्द. आभाळ कोसळलं असतं का? पण सात दिवस गप्प बसल्यावर तो घसा मला माझा वाटतच नाही, कुणीतरी सांभाळायला दिलेल्या काचेच्या भांड्यासारखा वाटतो. दोन शब्दांनी तडा गेला तर? आणि माझा हा भित्रेपणा बघा: शब्द गेले नाहीत ह्याचं कुठेतरी बरंही वाटलं. ठेवला फोन म्हणजे कळलं नाही. कळलं नाही म्हणजे अजून नाही.

हॉस्पिटलला स्वतःचा नंबर देताना मी मुकी असणार हे माझ्या डोक्यात आलं नाही. त्यांच्याही नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

११ तारीख, मंगळवार

सकाळीच हॉस्पिटलला गेले. खिडकीतल्या बाईला सगळं लिहून दाखवलं. उत्तर आलेलं नाहीच. नमुना इथे स्पष्ट दिसला नाही, तो दुसऱ्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायचाय, त्यासाठी माझी परवानगी हवी होती. काल हो म्हटलं असतं तर कालच्या टपालात गेला असता. आता गुरुवारच्या. तीन दिवस गेले.

'स्पष्ट दिसला नाही म्हणजे काय?' असं लिहिलं. ती म्हणाली, "ते डॉक्टर सांगतील." सही केली. ती म्हणाली, "उत्तर आलं की परत फोन करावा लागेल. बोलणाऱ्या माणसाचा नंबर द्या." मी लिहिलं, 'मी रोज येऊन विचारीन.' तिनं माझ्यामागची रांग दाखवली. "रोज येऊन काय करणार, बाई? घरातल्या कुणाचाही चालेल. उद्यापर्यंत द्या."

येताना बसमध्ये सगळी माणसं डोळ्यांपुढून घातली. धाकटी: तिला आधी सांगावं लागेल. साहेब: त्यांना कळलं की काचेमागे दुसरी बाई बसवतील. ह्या शहरात सव्वीस वर्षं हजारो माणसांना मी वाट दाखवली आणि माझ्या वतीनं 'हॅलो' म्हणायला एक माणूस नाही. बसच्या खिडकीकडे तोंड करून रडले. आवाज न काढता रडायचं म्हणजे अवघड काम आहे.

संध्याकाळी दार वाजलं. उघडलं तर वरचे. कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभे, धाप लागलेली.

"बाई, आठ दिवस झाले," ते म्हणाले, "तुम्ही ओरडला नाहीत. दांडापण नाही. म्हटलं, बघून यावं."

मी वही पुढे केली. त्यांनी ती लांब धरली, जवळ धरली. "चष्मा वरच राहिला की."

मग गेलो वर. मी मागे. ते एकेक पायरी चढत होते, आधी उजवा पाय, मग डावा ओढून त्याच पायरीवर, मग थांबायचं. सोळा पायऱ्यांना इतका वेळ? म्हातारपणी माणसं उगाच रेंगाळतात. खोली नीट लावलेली, भिंतींवर नमुन्याच्या जुन्या पाट्या, पण फरशीची दशा बघवत नव्हती. पलंगापासून मोरीपर्यंत चार लांब पांढऱ्या रेघा, खुर्चीच्या चार पायांच्या. मनात म्हटलं, हा एवढा निष्काळजीपणा! उचलून ठेवायला काय जातं?

चष्मा लावून ते समोर बसले. 'घसा' असं लिहिलं. त्यांनी पुढचं वाचायचं म्हणून मान तशीच ठेवली. मग मी लिहिलं, 'कॅन्सर आहे की नाही ते बघतायत.' तो शब्द पहिल्यांदाच माझ्या हातून कागदावर उतरला. मग फोनचं सगळं लिहिलं. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? लिहिलं: 'तुमच्याकडे फोन आहे?'

"आहे. वाजत नाही फारसा." त्यांनी चष्मा काढून पुसला. "द्या माझा नंबर. मी घरीच असतो. आणि फोन आला की तुम्हाला कळवायचं कसं? जिना मला लवकर उतरवत नाही." मग तेच म्हणाले, "खुर्ची. दोनदा ओढतो, जोरात. तुमचे कान तर काय, तयारच आहेत."

ही थट्टा होती. मला हसताही येत नाही, घशाला चालत नाही.

१२ तारीख, बुधवार

नंबर देऊन आले. परत आल्यावर दाराशी एक पुठ्ठा टेकवलेला. त्यावर रंगानं, दुकानाच्या पाटीसारख्या ठसठशीत अक्षरांत: 'मला उत्तम ऐकू येतं. बोलणं बंद आहे.' पावाच्या दुकानात दाखवला. दुकानदार वाचून एकदम कुजबुजत बोलायला लागला. त्याच्या घशाचं काही खरं नाही.

१४ तारीख, शुक्रवार

दोन दिवस कानांत प्राण आणून बसलेय. वर चिटपाखरू नाही. सहा वर्षांत ही खुर्ची एक दिवस गप्प बसली नाही आणि आता, मला तिचा आवाज हवाय तेव्हा, ढिम्म. नळ उघडायचा तरी धार बारीक ठेवते. भांडी हळू घासते.

बाहेर तर गेले नाहीत ना? घरीच असतो म्हणाले होते. माणसं शब्द देतात आणि विसरतात.

शांतता मला आवडते असं मला वाटायचं. हे घर इतकं गप्प असू शकतं हे माहीत नव्हतं. संध्याकाळी ऊन भिंतीवरून उतरताना मी दांडा घेतला आणि छताला हळूच टेकवला. ठोकला नाही. काय सांगणार होते ठोकून?

१५ तारीख, शनिवार

चारच्या सुमाराला वर धाडकन काहीतरी पडलं आणि घरंगळत गेलं. खुर्ची नव्हती. मी चप्पल न घालताच धावले. दार नुसतं लोटलेलं होतं.

ते भिंतीला पाठ आणि दोन्ही तळवे लावून उभे होते. पाय थरथरत होते. तांब्या पडलेला, पाणी सगळीकडे. खुर्ची पलंगाशी, जागच्या जागी.

मी त्यांना धरून पलंगापर्यंत आणलं. अर्धं वजन माझ्यावर आलं तेव्हा मला कळलं. आता लिहितानासुद्धा लाज वाटतेय. ती खुर्ची त्यांची काठी होती. पुढे ढकलायची, तिला धरून एक पाऊल टाकायचं, पुन्हा ढकलायची. पाट्या रंगवताना शिडीवरून पडले होते, सात वर्षांपूर्वी. आणि मी त्यांना जिन्यात विचारलं होतं की पायांत बेड्या आहेत का.

वही खालीच राहिली होती. मी खुर्चीकडे बोट दाखवलं, मग त्यांच्याकडे, मग हात पसरले: का?

"ओढली असती," ते म्हणाले, "तर तुम्हाला वाटलं असतं फोन आला. तुम्ही धावत वर आला असता. आणि नसता आला, तर मग?" थोडा श्वास घेतला. "अशी फसगत एकदा जरी झाली तरी माणूस खचतं, बाई. दोन-चार दिवसांचा तर प्रश्न. भिंत आहे की धरायला."

तीन दिवस हा माणूस भिंत धरून मोरीपर्यंत जात होता.

मी फरशी पुसली. तांब्या भरून उशाशी ठेवला. मग वही आणून लिहिलं, 'हवी तेवढी ओढा. मी वर येऊन बघीन. फसले तर फसले.' त्यांनी वाचलं. म्हणाले, "मग असं करू. मी चालतो ती सलग. फोनची दोनदा, आणि मधे दहा आकडे थांबून." मग खाली बघत म्हणाले, "एक सांगू का? तुमचा दांडा वाजला नाही की मला करमत नाही. आठवड्यातून एकदा तरी माझ्याशी बोलणारं दुसरं आहे कोण?"

मी खाली आल्यावर त्यांनी वर ओढून दाखवली. मी मोजलं. पलंगापासून मोरीपर्यंत सात वेळा.

१६ तारीख, रविवार

अकरा वाजता धाकटीचा फोन वाजला आणि मी उचलला. "ताई? ताई, बोल ना. एवढा काय राग? मागच्या वेळचं मी मनातपण ठेवलं नाहीये." मी श्वास घेत राहिले. "तू आहेस ना तिथे?" पेन्सिलनं एकदा टकटक केलं. ती म्हणाली, "बरं. नको बोलूस. मी बोलते." आणि बोलत राहिली, मुलीचा निकाल, गळणारी मोरी, नवऱ्याची नोकरी. वीस मिनिटं. अकरा वर्षांत मी तिला एवढं सलग बोलू दिलं नव्हतं. ती किती गमतीदार बोलते! शेवटी म्हणाली, "काय झालंय ते पत्रात लिही. लपवू नकोस."

फोन ठेवल्यावर पत्र पुरं केलं.

१७ तारीख, सोमवार

अकरा वाजून वीस मिनिटं. मी भात निवत ठेवला होता. वर खर्र. मी आकडे मोजायला लागले. आठ, नऊ, दहा. खर्र.

जिना कसा चढले आठवत नाही. ते फोनपाशीच उभे होते, खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून. "उत्तर आलंय. फोनवर सांगत नाहीत. उद्या दहाला डॉक्टरांनी बोलावलंय. सोबत कुणालातरी आणा म्हणाले."

सोबत कुणालातरी. चांगलं असतं तर एकटीला सांगितलं असतं. हे मी लिहिलं नाही, पण त्यांनी माझं तोंड वाचलं.

"तसं काही नसतं," ते म्हणाले. "सगळ्यांनाच सांगतात. आणि त्यांनी विचारलं, आपण कोण त्यांचे? मी म्हटलं, घरचाच." मग घाईनं म्हणाले, "चाललं ना? मजला वेगळा असला तरी इमारत एकच आहे."

मी मान हलवली. भात तसाच राहिला.

१८ तारीख, मंगळवार

आहे.

वाघच आहे. पण बच्चा आहे, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे ते 'पहिली पायरी' म्हणाले, बच्चा मी म्हणते. वेळेत सापडला. सहा आठवडे किरणं द्यायची. बहुतेकांचं पूर्ण बरं होतं. आवाज राहील, पण पूर्वीचा राहणार नाही.

टॅक्सीनं गेलो. हॉस्पिटलची लिफ्ट बंद. दोन मजले. पहिल्याच पायरीशी ते म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे. नंबर जाईल. मी येतो." मी नाही म्हणून मान हलवली तर रागावले. पहिल्यांदा रागावलेलं बघितलं. गेले पुढे.

टेबलाशी तीच सिस्टर. तोच कागद. वर न बघता विचारलं, "सोबत कोण?"

वही पिशवीत होती. काढायला हवी होती. डॉक्टरांनी तपासून परवानगी द्यायला अजून अर्धा तास होता. इतके दिवस मी ठरवत होते, पहिला शब्द कोणता बोलायचा. चांगला, भारदस्त, 'टॅक्सी'ची भरपाई करणारा. ते सगळं राहिलं बाजूला.

"आहेत," मी म्हटलं. "जिन्यात आहेत. येतायत."

बिजागरी करकरावी तसा आवाज आला. सिस्टर ओरडली, "तुम्हाला बोलायला कुणी सांगितलं?" पण लिहून घेतलं तिनं. आणि जिन्यातून पावलं ऐकू येत होती. एक, मग ओढलेलं दुसरं, मग थांब. मी दाराकडे तोंड करून उभी राहिले ते वर येईपर्यंत. वीस मिनिटं लागली. माझा नंबर गेला, पुढच्या दोघांना आधी जाऊ दिलं.

डॉक्टरांनी 'आहे' म्हटल्यावर मला पुढचं काही ऐकूच आलं नाही. उत्तम ऐकू येतं म्हणे! परत येताना टॅक्सीत त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं, बोटांवर मोजून: आठवड्याचे पाच दिवस, शनिवार-रविवार सुट्टी, गरम खायचं नाही, रोज थोडं बोलायचं पण ओरडायचं नाही. "ओरडायचं नाही हे दोनदा म्हणाले," ते म्हणाले. "मला जरा वाईटच वाटलं."

मला भीती वाटते. खूप वाटते. जो आवाज सव्वीस वर्षं लोकांनी ऐकला तो आता त्या कॅसेटमध्येच राहणार, चौदा नंबरची गाडी पुकारत. उद्या साहेबांना जाऊन खरं सांगेन. धाकटीच्या पत्रात खाली एक ओळ वाढवली, 'आहे, पण लहान आहे. रविवारी फोन कर, थोडं बोलायची परवानगी आहे,' आणि जाऊन पेटीत टाकलं.

आता सहा वाजलेत. ऊन भिंतीवरून खाली येतंय. वर खुर्ची सुरू झाली. त्यांना पाणी हवं असेल, आज फार चालले. एक. दोन. तीन. चार. पाच.

थांबली.

मी पेन्सिल धरून बसलेय. छताकडे बघतेय.

सहा.

सात. पोहोचले.